यंग्सटाउनला काम परत आलं नाही, तरी मत ट्रम्पनाच. का?

निर्झरा
राजकारणावरचे धागे लगेच पेटतात हे माहीत आहे, तरी विचारते. प्रश्न मनापासूनचा आहे.

आम्ही ओहायोच्या ईशान्य कोपऱ्यात राहतो. यंग्सटाउन आणि वॉरन ही शहरं जवळच, माहोनिंग आणि ट्रम्बुल या दोन काउंट्यांमधली. एके काळचा पोलादाचा पट्टा. यंग्सटाउनची लोकसंख्या १९६० साली १ लाख ६६ हजार होती, २०२० च्या जनगणनेत ६० हजारांवर आली. हा सगळा भाग युनियनवाल्यांचा, आणि म्हणून पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅट्सचा. २०१६ मध्ये ट्रम्बुल काउंटी ट्रम्प यांच्याकडे गेली. १९७२ नंतर पहिल्यांदाच तिथे रिपब्लिकन उमेदवाराला आघाडी मिळाली. माहोनिंग थोडक्यात डेमोक्रॅट्सकडे राहिली.

जुलै २०१७ मध्ये ट्रम्प यंग्सटाउनला आले. कारखान्यांतली कामं परत येणार आहेत, घरं विकू नका, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. मार्च २०१९ मध्ये ट्रम्बुलमधलाच लॉर्ड्सटाउनचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला. आणि २०२० ला माहोनिंगही ट्रम्पकडे गेली, ट्रम्बुलमध्ये त्यांची आघाडी वाढली.

काम आलं नाही, होतं ते गेलं, आणि मतं वाढली. हे कसं? 'लोक फसले' हे उत्तर मला पटत नाही. आमच्या शेजारचे आजोबा पोलाद कारखान्यात होते. ओबामांना दोन्ही वेळा मत दिलेलं, मग ट्रम्पना. आपल्या पेन्शनच्या करारातलं कलम न् कलम त्यांना पाठ आहे. अशा माणसाला भोळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला काय वाटतं? भारतातले अनुभवही चालतील.

चिवटचिंच
धागा वाचतोय. चहा घेऊन बसलो आहे, सावकाश लिहा सगळे.

सह्यकडा
निर्झराताई, ही गोष्ट २०१६ ला सुरू होत नाही. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. यंग्सटाउन शीट अँड ट्यूब कंपनीने कॅम्पबेल वर्क्स बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे ५,००० माणसं एका घोषणेत रस्त्यावर. तिकडे अजून त्याला 'काळा सोमवार' म्हणतात. त्यानंतर काय झालं ते महत्त्वाचं. गावातली चर्चं आणि कामगार एकत्र आले, कारखाना आपणच विकत घेऊन चालवू म्हणाले, आणि त्यासाठी सरकारकडे कर्जाची हमी मागितली. १९७९ मध्ये सरकारने नकार दिला. राष्ट्राध्यक्ष कार्टर. म्हणजे ज्या पक्षाला बापजाद्यांपासून मतं दिली, त्याच पक्षाचे.

पुढची रांग बघा. १ जानेवारी १९९४ ला नाफ्टा, म्हणजे मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापाराचा करार, लागू झाला, सही क्लिंटन यांची. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, त्याची वाट दोन्ही पक्षांनी मोकळी केली. २००० साली अमेरिकेत कारखानदारीत १ कोटी ७० लाखांच्या आसपास नोकऱ्या होत्या, २०१० ला सुमारे १ कोटी १५ लाख उरल्या. मधेच २००८ चं आर्थिक संकट आलं. बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद काही आठवड्यांत मंजूर झाली. ज्यांना १९७९ मध्ये कर्जाची साधी हमी मिळाली नव्हती, ते लोक हे बघत होते.

तुमच्या शेजारच्या आजोबांचं वय बघता हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं आहे. मग दोन्ही पक्षांच्या बाहेरचा माणूस जवळचा वाटला तर नवल काय?

अंजिरी
सह्यकडा, पटलं. पण एक सांगा, न्यूयॉर्कच्या मनोऱ्यात राहणारा अब्जाधीश 'बाहेरचा' कसा? माझ्या डोक्यात हेच बसत नाही.

कायदेकानू
अंजिरी, पैशाच्या नजरेने ते आतलेच आहेत, पण पक्षाच्या नजरेने पूर्ण बाहेरचे. २०१६ पूर्वी एकही सरकारी वा लष्करी पद न भूषवलेला अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. आणि ते आत आले कसे, हे बघायला हवं, कारण ती वाट पूर्वी बंद असायची.

१९६८ पर्यंत तिथे पक्षाचा उमेदवार मुख्यतः पुढारी ठरवत. त्या वर्षीच्या शिकागो अधिवेशनात डेमोक्रॅट्सची इतकी शोभा झाली की नियम बदलावे लागले, आणि १९७२ पासून प्रायमरी, म्हणजे सामान्य मतदारांनी उमेदवार निवडणं, हाच मुख्य मार्ग झाला. पाठोपाठ रिपब्लिकनही त्याच वाटेने गेले. २०१६ ला रिपब्लिकनांकडे १७ इच्छुक होते. पक्षाची आणि देणगीदारांची पसंती जेब बुश यांना. त्यांच्या पाठीशी १० कोटी डॉलरहून जास्त जमले होते, तरी फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनाच्या प्रायमरीनंतर त्यांना माघार घ्यावी लागली. मतं १७ जणांत फुटली, आणि ट्रम्प निम्म्याहून कमी मतांवर उमेदवार झाले. म्हणजे 'लोक बाहेरच्याकडे वळले' यातला काही भाग दाराच्या कडीचा आहे.

आपल्याकडे ही कडी घट्ट आहे. तिकीट श्रेष्ठी देतात. त्यामुळे आपला बाहेरचा माणूस एक तर अपक्ष लढतो, नाहीतर नवा पक्ष काढतो. एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

मध्यरेषा
मी मिशिगनमध्ये राहते. इथे २०१६ चा निकाल १०,७०४ मतांनी लागला. त्यामुळे या विषयावर आमच्याकडे घरोघरी वाद झाले आहेत.

सह्यकडा, तुमची मांडणी नीट आहे, पण त्यात एक मोठी खोली कुलूपबंद राहिली आहे. यंग्सटाउनच्या पोलाद कारखान्यांत काळे कामगारही होते. त्यांच्याही नोकऱ्या गेल्या, त्यांच्याही गल्ल्या ओस पडल्या. ते ट्रम्पकडे गेले का? बहुसंख्येने नाही. मग नोकऱ्या जाण्यानेच सगळं घडलं असं कसं म्हणायचं? ट्रम्प यांचा राजकीय उदय २०११ मध्ये ओबामांच्या जन्मदाखल्यावर शंका घेऊन झाला. जून २०१५ च्या पहिल्याच भाषणात मेक्सिकोतून येणाऱ्यांवर हल्ला होता. हे ऐकून लोक त्यांच्याकडे गेले. हे ऐकूनही गेले असं म्हणा हवं तर, पण ऐकलं तर होतं.

मी साडी नेसून किराणा आणायला जाते तेव्हा दुकानातल्या नजरा मला २०१५ च्या आधीच्या आणि नंतरच्या वेगळ्या कळतात. 'आर्थिक दुःख' म्हणताना आमच्यासारख्यांनी त्याची किंमत मोजली, हे विसरू नका एवढंच.

निर्झरा
मध्यरेषा, हे लिहिलंत ते बरं केलंत. विसरणार नाही.

सह्यकडा
मध्यरेषा, काळ्या कामगारांचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण वंशद्वेषानेही सगळं उलगडत नाही. ओबामांना दोनदा निवडणाऱ्या दोनशेच्या आसपास काउंट्या २०१६ ला ट्रम्पकडे गेल्या. आणि टेक्सासची स्टार काउंटी बघा. मेक्सिकोच्या सीमेवर, जवळपास सगळी वस्ती हिस्पॅनिक. २०२४ ला तीही ट्रम्पकडे गेली. १८९२ नंतर पहिल्यांदा तिथे रिपब्लिकन जिंकला.

मध्यरेषा
काउंटी तीच, पण मत देणारी माणसं तीच असतात असं नाही. ओबामांच्या वेळी आलेले कित्येक जण २०१६ ला घरी बसले, आणि आधी न येणारे आले. स्टार काउंटीचं मान्य. तिकडे महागाई आणि सीमेवरचा ताण दोन्ही होते.

लालबागचा बंड्या
निर्झराताई, तुमच्या 'हे कसं' ला उत्तर आमच्या घरात आहे. जरा लांबेल.

माझे वडील साचेवाले, म्हणजे कापड गिरणीत मागावर काम करणारे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. बाहेरगावच्या लोकांना वाटतं की डॉ. दत्ता सामंतांनी कामगारांना संपात ओढलं. उलट होतं. कामगार त्यांच्या दारात गेले होते. कारण काय? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी वाटाघाटी करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला. ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, काँग्रेसशी जोडलेली. कामगाराला ती नको असली तरी बोलणार तीच, सही करणार तीच. बोनसचा करार व्हायचा आणि गिरणीतल्या खात्यात बातमी यायची की झालं तुमचं. वडिलांचा राग पैशापेक्षा याचा जास्त होता. "आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्ही ठरवायचं नाही?" हे वाक्य मी लहानपणी इतकं ऐकलं आहे.

म्हणून डॉक्टर. घाटकोपरचे, खाणकामगारांत काम केलेले, इतर कारखान्यांत भरघोस पगारवाढ मिळवून दिलेले. खरं तर तेही मुळात इंटक या काँग्रेसच्याच कामगार संघटनेतले, पण तिथून फुटलेले आणि आणीबाणीत तुरुंगात गेलेले.

संप फसला. गिरण्यांतली माणसं देशोधडीला लागली. बदली, म्हणजे कायम नसलेले कामगार तर पहिल्या काही महिन्यांतच कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परतले. आईने खानावळ चालवली म्हणून आम्ही तगलो. संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही.

आता ऐका. डिसेंबर १९८४, लोकसभा. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला. त्या लाटेत मुंबई दक्षिण मध्य मधून अपक्ष म्हणून निवडून आले ते दत्ता सामंत. ज्यांच्या संपात घरं बुडाली, त्या घरांनी निवडून दिले. वडिलांना मी मोठेपणी विचारलं, का दिलंत मत? म्हणाले, "संप हरला तो सगळ्यांनी मिळून हरवला. डॉक्टर आमच्या बाजूला उभा होता, बाकीचे समोर होते. मग मत समोरच्यांना देऊ?"

तुमच्या ट्रम्बुलचंही तेच असेल असं मला वाटतं. काम आणून दिलं का, हा हिशेब शहाण्या लोकांचा. त्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. माझं बुडालं हे कोणी मोठ्याने म्हटलं, आणि कोण म्हणत होतं की देशाची प्रगती होते आहे.

चिवटचिंच
बंड्यादादा, नि:शब्द. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

लालबागचा बंड्या
आता नाहीत ते. पण सांगितल्यासारखंच आहे.

निर्झरा
बंड्यादादा, तुमचं १९८४ वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण यंग्सटाउनलाही १९८४ आहे.

जेम्स ट्रॅफिकंट नावाचे माहोनिंग काउंटीचे शेरीफ होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेकार झालेल्या पोलाद कामगारांच्या घरांवर जप्त्या येत होत्या. या गृहस्थांनी त्या बजावायला नकार दिला, त्यापायी स्वतः तुरुंगात जाऊन आले. गुंडांकडून पैसे घेतल्याचा खटला त्यांच्यावर झाला. वकील नसताना स्वतःच बाजू मांडून १९८३ ला निर्दोष सुटले. आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये, रेगन यांच्या प्रचंड विजयाच्या दिवशी, डेमोक्रॅट म्हणून अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले. पक्षाच्या पुढाऱ्यांना ते कधीच नको होते. पुढे लाचखोरीत दोषी ठरले, जुलै २००२ मध्ये सभागृहाने ४२० विरुद्ध १ मतांनी त्यांना काढून टाकलं. तरीही त्याच वर्षी तुरुंगातून अपक्ष उभे राहिले तर सुमारे १५ टक्के मतं पडली.

म्हणजे ट्रम्प येण्याच्या तीस वर्षं आधीच या खोऱ्याने सांगून ठेवलं होतं. ऐकणारं कोणी नव्हतं.

मध्यरेषा
हे मला माहीत नव्हतं. ट्रॅफिकंट यांच्या मतदारांत काळेही असतील ना?

निर्झरा
जप्त्या तर काळ्या-गोऱ्या दोन्ही घरांवर होत्या. नक्की आकडा असल्याशिवाय पुढचं लिहीत नाही.

पंचगंगाकाठ
बंड्यादादांचं मन लावून वाचलं, पण 'लोक आपल्या माणसाला सोडत नाहीत' याला आमचा हातकणंगले मतदारसंघ अपवाद आहे. आमच्याकडे सोडलं.

आमच्या भागात कारखाना हाच सरकार. ऊस कधी तोडायचा ते कारखाना ठरवणार, वजन कारखान्याच्या काट्यावर, भाव कारखाना देणार, आणि कारखान्याचा अध्यक्षच आमदार-खासदार. काटामारी काय असते ते ऊसवाल्यालाच ठाऊक. बाहेरच्या काट्यावरचं आणि आतल्या काट्यावरचं वजन जुळत नाही हे वडील घरी येऊन सांगायचे, पण अध्यक्षांसमोर बोलायची सोय नव्हती, पुढच्या हंगामात तोड मिळाली नसती. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. मिळायचे तेव्हा मिळायचे.

राजू शेट्टी यांनी हे चौकात बोलून दाखवलं. २००४ ला शिरोळमधून आमदार, २००९ ला हातकणंगल्यातून खासदार. लोकांनी मत तर दिलंच, वर निवडणुकीला पैसेही गोळा करून दिले. 'एक व्होट, एक नोट'. गावात आजीबाईंनी लुगड्याच्या ओच्यातून दहाची नोट काढून दिलेली मी पाहिली आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला ट्रॅक्टर भरून लोक जायचे.

२०१४ ला ते भाजपबरोबर होते, निवडून आले. २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर गेले, म्हणजे ज्या साखरसम्राटांशी भांडून मोठे झाले त्यांच्याच मांडवात. पडले. २००९ ला त्यांनी निवेदिता माने यांना हरवलं होतं, २०१९ ला त्यांचे पुत्र धैर्यशील माने यांनी शेट्टींना हरवलं. आमच्या गावात बोललं जायचं ते एवढंच, 'आता ते पण त्यातलेच.'

सह्यकडा
पंचगंगाकाठ, २०१९ ला मोदींची लाटही होती, आणि जातीची गणितंही. एकट्या मांडवाला दोष देता येईल का?

पंचगंगाकाठ
लाट होतीच, जातही होती. पण दत्ता सामंत याहून मोठ्या लाटेत तरले ना? लाट आल्यावर कोण टिकतो, यातच फरक दिसतो. ते कोणाच्या शेजारी बसले नव्हते.

यमुनापार
दिल्लीत राहतो, म्हणून हे लिहायलाच हवं. डिसेंबर २०१३ मध्ये एक वर्षाच्या पक्षाने २८ जागा काढल्या आणि केजरीवाल यांनी शीला दीक्षित यांना त्यांच्याच मतदारसंघात २५ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. दीक्षित काही वाईट मुख्यमंत्री नव्हत्या. मेट्रो, उड्डाणपूल, सगळं त्यांच्या काळातलं. पण वीजबिल घेऊन कार्यालयात गेलं की कोणी बघत नसे, आणि त्यावर कोणी हा प्रश्न आहे असं म्हणत नसे. ४९ दिवसांत केजरीवालांनी राजीनामा दिला. सगळे म्हणाले संपले. २०१५ ला ७० पैकी ६७ जागा.

आणि फेब्रुवारी २०२५ ला स्वतः केजरीवाल हरले, ४,०८९ मतांनी. पक्ष २२ वर. दहा वर्षांत काही शाळा-दवाखाने खरंच सुधारले, मी स्वतः मोहल्ला क्लिनिकमध्ये मुलाला नेलं आहे. पण गाजली ती मुख्यमंत्र्यांच्या बंगल्याची सजावट. मफलर आणि छोटी गाडी ज्यांची ओळख होती, त्यांच्या बंगल्याच्या खर्चावर वाद झाला की माणूस सामान्य नेत्यापेक्षा जास्त चिडतो. पंचगंगाकाठ म्हणतात ते दिल्लीत डोळ्यांनी पाहिलं.

अंजिरी
आमच्या सोसायटीतही असंच झालं. सचिवांविरुद्ध टाकीच्या पाण्यावरून भांडून एक काकू निवडून आल्या, आणि वर्षभरात "समितीचा निर्णय आहे" म्हणायला लागल्या. पुढच्या वेळी आम्ही त्यांनाही घरी बसवलं.

आडवाट
सगळे बाहेरच्याच्या बाजूने इतक्या मायेने लिहीत आहेत म्हणून पेरूची गोष्ट सांगतो. १९९० साली तिथे महागाई हजारो टक्क्यांत. जुने पक्ष बदनाम. प्रख्यात लेखक मारिओ वार्गास योसा राजकारणात नवे होते, पण जुन्या उजव्या पक्षांना बरोबर घेऊन लढले. त्यांच्यासमोर आल्बेर्तो फुजिमोरी, कृषी विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, ट्रॅक्टरवरून प्रचार करणारे, काही महिन्यांपूर्वी फारसे कोणाला माहीतही नसलेले. फुजिमोरी जिंकले.

५ एप्रिल १९९२ ला त्यांनी लष्कराच्या मदतीने संसदच बरखास्त केली. आणि बहुसंख्य लोकांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. पुढे मानवी हक्कांच्या उल्लंघनासाठी फुजिमोरींना २५ वर्षांची शिक्षा झाली.

बंड्यादादा, तुमच्या वडिलांचं दुःख मला कळतं. पण 'तो आमच्या बाजूला उभा होता' या एका भावनेवर माणूस कायद्याच्या वर नेऊन बसवला जातो, याची मला मनापासून भीती वाटते. दत्ता सामंतांच्या हातात सरकार नव्हतं. फुजिमोरींच्या हातात होतं.

लालबागचा बंड्या
आडवाट, तुमची भीती खरी आहे आणि मला मान्य आहे. माझं म्हणणं त्याच्या एक पायरी आधीचं. १९४६ च्या त्या कायद्याने कामगाराला आपली युनियन बदलण्याचा सरळ रस्ता ठेवला असता, तर डॉक्टरांच्या दारात रात्री जायची वेळ आली नसती. रस्ता अडवून ठेवायचा आणि मग लोक कुंपणावरून उड्या मारतात म्हणून घाबरायचं, हे मला पटत नाही.

कायदेकानू
बंड्यादादांना जोरदार अनुमोदन.

निर्झरा
काल शेजारच्या आजोबांशी यावर बोलले, त्यांची परवानगी घेऊन लिहिते. २०२४ ला त्यांनी मतपत्रिकेवर वर राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्पना मत दिलं आणि खाली सिनेटसाठी शेरॉड ब्राउन यांना. म्हणजे डेमोक्रॅटला! मी विचारलं असं कसं. म्हणाले, "शेरॉडने नाफ्टाला विरोध केला होता. तेव्हापासून त्याने शब्द फिरवलेला नाही." ब्राउन यांनी १९९३ मध्ये स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध मत दिलं होतं, हे आजोबांना आजही लक्षात आहे.

मध्यरेषा
ही माहिती फार मोलाची. ओहायोत डेमोक्रॅट्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार हॅरिस ११ टक्क्यांच्या आसपास मागे पडल्या, ब्राउन साडेतीनच्या आसपास. म्हणजे असे आजोबा हजारोंनी आहेत. तरीही ब्राउन पडलेच. त्यांना हरवलं बर्नी मोरेनो यांनी, गाड्यांच्या विक्रीतले व्यावसायिक, आधी एकही निवडून आलेलं पद नाही, ट्रम्प यांचा पाठिंबा. तीस वर्षं त्या खोऱ्याच्या बाजूने बोललेला माणूस पक्षाच्या नावाखाली दबून गेला. निर्झरा, याला मी नुसतं आर्थिक दुःख म्हणू शकत नाही, आणि आजोबांचं ऐकल्यावर नुसता द्वेषही म्हणवत नाही.

सह्यकडा
मग २०२६ कडे बारीक लक्ष ठेवायला हवं. ब्राउन यांनी, उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या व्हान्स यांनी सोडलेल्या सिनेटच्या जागेसाठी पुन्हा लढायचं जाहीर केलं आहे, आणि ती जागा आज जॉन हस्टेड यांच्याकडे आहे. ते ओहायोच्या विधानसभेचे माजी सभापती, माजी उपराज्यपाल. दोघेही मुरलेले, बाहेरचा कोणीच नाही, आणि मतपत्रिकेवर ट्रम्प यांचं नावही नसणार. निर्झराताई, निकालाच्या रात्री ट्रम्बुल आणि माहोनिंगचे आकडे याच धाग्यावर टाकाल का?

निर्झरा
टाकते. वॉर्डनिहाय मिळाले तर तसे टाकते, मध्यरेषांचा काळ्या वस्तीबद्दलचा प्रश्नही त्यात बघता येईल.